रेक्याविकचं नॉर्डिक हाऊस कसं बघायचं: आल्टोची इमारत दोन तासांत, पण नीट

आइसलँडला जाणारे बहुतेक लोक धबधबे, हिमनद्या आणि नॉर्दर्न लाइट्ससाठी जातात, आणि रेक्याविक शहर म्हणजे विमान पकडायच्या आधी उरलेला अर्धा दिवस असं धरून चालतात. त्या अर्ध्या दिवसात काय करू असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे, नॉर्डिक हाऊस, म्हणजे तिथलं सांस्कृतिक केंद्र, बघा. त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, की अहो फोटोत तर काहीच विशेष वाटत नाही, एक बुटकी पांढरी इमारत आणि वर काहीतरी निळं. बरोबर आहे, फोटोत काही नाहीच वाटत. ही इमारत बसून, हात लावून, आधी खाली आणि मग वर बघून कळते, कॅमेऱ्याला यातलं फारसं काही जमत नाही. म्हणून कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं, काय तपासायचं ते जरा तपशिलात लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर अर्धी मजा जाते. १९५२ साली नॉर्डिक कौन्सिल, म्हणजे उत्तर युरोपातल्या नॉर्डिक देशांचं (डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलँड) सामायिक मंडळ, स्थापन झालं आणि त्याच काळात या देशांनी एकमेकांची भाषा-साहित्य-कला जवळ ठेवायची असं ठरवून बरेच उद्योग सुरू केले. त्यातलाच एक म्हणजे आइसलँडमध्ये सगळ्यांच्या पैशातून एक सांस्कृतिक केंद्र बांधायचं. काम गेलं फिनलंडचा आर्किटेक्ट अल्वार आल्टो याच्याकडे. २४ ऑगस्ट १९६८ ला उद्घाटन झालं तेव्हा आल्टो सत्तर वर्षांचा होता, आणि पहिला संचालक होता नॉर्वेचा इवार एस्केलान. म्हणजे जमीन आइसलँडची, पैसा सगळ्यांचा, आर्किटेक्ट फिनिश, संचालक नॉर्वेजियन. आता यात गोम अशी की आइसलँड डेन्मार्कपासून सुटून प्रजासत्ताक झाला तो १९४४ ला, म्हणजे जेमतेम चोवीस वर्षं झालेली, अशा वेळी इमारत डॅनिश दिसून चालणार नाही, स्वीडिश दिसून चालणार नाही, आणि आइसलँडच्या जुन्या, गवताच्या छपराच्या घरांची नक्कल केली असती तर पाहुण्याने यजमानाचेच कपडे घालून यावं असं झालं असतं. आल्टोने यातून काय वाट काढली ते छताकडे बघितलं की कळतं, त्याकडे येतोच.

कधी जायचं हा प्रश्न इथे नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. रेक्याविक ६४ अक्षांशावर आहे. जूनच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर साधारण ४९ अंश चढतो, आणि डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य जेमतेम अडीच-तीन अंश वर येतो आणि चार तासांत परत जातो. म्हणजे एकच खिडकी दोन ऋतूंत दोन वेगळ्या खिडक्या असतात, हिवाळ्यात ऊन आडवं येऊन थेट डोळ्यांत, उन्हाळ्यात वरून. आल्टोच्या इमारतीत उजेड हे बांधकामाचं साहित्यच असतं, विटा आणि लाकूड असतं तसं, त्यामुळे उजेडाची वेळ बघून जा. आणखी एक, तिथलं घड्याळ सूर्याच्या पुढे आहे, खरी माध्यान्ह दुपारी दीडच्या सुमारास होते, तेव्हा हिवाळ्यात सकाळी अकराला पोचून अंधार आहे म्हणून वैतागू नका, बारा-साडेबाराला जा. माझं मत विचाराल तर ढगाळ दिवस सगळ्यात उत्तम, आणि ढगाळ दिवसांची तिथे काही टंचाई नाही. कडक उन्हात पांढऱ्या भिंती नुसत्या चकाकतात आणि आतलं बारीक काम दिसत नाही. उघडण्याच्या वेळा मात्र निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या, वार आणि सुट्ट्या बदलत असतात. नुसतं आत जायला तिकीट नाही, एखाद्या खास कार्यक्रमाला असू शकतं.

पत्ता सायमुंदारगाता ११, विद्यापीठाच्या आवारालगत. गावातून टॅक्सी करू नका, चालत जा, कारण चालत जाणं हा बघण्याचाच भाग आहे. त्योर्निन नावाचं तळं गावाच्या मधोमध आहे, त्याच्या काठाने दक्षिणेला चालत राहिलं की बाग संपते, मोठा रस्ता ओलांडावा लागतो आणि मग सगळं एकदम सपाट आणि ओलं होतं. ही वात्न्समीरी, पाणथळ जागा, पलीकडे देशांतर्गत विमानांचा विमानतळ. छत्री नेऊ नका, तिथल्या वाऱ्यात ती पाच मिनिटं टिकली तरी पुष्कळ, टोपीचं जॅकेट घ्या. आणि वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर पक्ष्यांची वीण चालू असते, ठरलेल्या पायवाटेवरूनच चाला. आर्क्टिक टर्न नावाचा पक्षी दिसायला नाजूक आहे पण पिल्लांच्या जवळ गेलात तर सरळ डोक्यावर झडप घालतो.

आता पहिली सूचना, आणि ही सगळ्यात जास्त मोडली जाते: दारापर्यंत जाऊ नका. इमारत दिसली की लांबच थांबा, शंभरेक पावलं तरी. का, तर छत जवळून दिसतच नाही. जवळून फक्त पांढरी भिंत आणि सपाट कडा दिसते. लांबून बघितलं की कळतं की पांढरा भाग अगदी खाली आहे, जमिनीलगत पसरलेला, आणि मधूनच एक गडद निळा आकार वर आलाय, सरळ नाही, तिरपा, चढत-उतरत जाणारा. आता मान वळवून क्षितिज बघा. उत्तरेला खाडीपलीकडे एस्या डोंगर आहे, ९१४ मीटरचा, लांबलचक, वरून कापल्यासारखा. आता इमारतीभोवती फिरत अशी जागा शोधा की निळं छत आणि मागची डोंगररांग एकाच नजरेत येतील, म्हणजे अर्थात तुम्हाला दक्षिणेच्या बाजूला सरकावं लागेल. ढग खाली आलेले असतील तर डोंगर गायब असतो, मग थोडं थांबा, तिथलं हवामान पंधरा मिनिटांत बदलतं. छताचा उतार आणि डोंगराचा उतार एकमेकांशी बोलतात, नक्कल नाही करत. निळा रंगसुद्धा असा आहे की लांबचा डोंगर संध्याकाळी जसा निळसर होतो त्याच्या जवळ जाणारा, पण डोंगरापेक्षा कितीतरी ठाम.

हे का चांगलं आहे ते समजायला तिथेच उभं राहून दुसरीकडे बघा, टेकडीवर हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्च दिसेल, शहरात कुठूनही दिसतं, ७४.५ मीटर उंच. ग्विद्योन सामुएल्सॉनने त्याचं डिझाइन केलं ते आइसलँडच्या बसाल्ट खडकाचे जे खांब असतात त्यावरून, समोरच्या बाजूला काँक्रीटचे खांबच खांब, पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारे. निसर्ग बघून इमारत करायची या एकाच गोष्टीची दोन उत्तरं तुम्हाला एकाच जागेवरून दिसतात. एकात खडकाचा आकार उचलून मोठा केलाय आणि सगळ्या शहरावर उभा केलाय. दुसऱ्यात डोंगर मागे आहेच, त्याला जागा सोडायची म्हणून बाकी सगळी इमारत बसकी ठेवलीय आणि फक्त एका ठिकाणी मान वर केलीय. मला चर्चही आवडतं, पण परक्या देशात बांधायचं असेल तर दुसरी पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. यजमान-पाहुणा प्रकरणाचं उत्तर हेच, आल्टोने घरांची नक्कल केली नाही, डोंगराला मान दिला, आणि डोंगर काही कुणा एका सरकारचा नसतो.

मग जवळ जा आणि निळ्याकडे पुन्हा बघा. ते रंगवलेलं नाही, सिरॅमिक टाइल आहे. आल्टोला टाइलचं वेड होतं, फिनलंडमध्ये सेइनायोकीच्या टाउन हॉलला त्याने बाहेरून गडद निळ्या, अर्धगोल कांडीसारख्या टाइल लावल्यात. टाइलचा फायदा असा की रंग एकच असला तरी ग्लेझमुळे, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपामुळे, प्रत्येक तुकडा उजेड वेगळा परत फेकतो, ढग सरकला की सगळा पृष्ठभाग हलल्यासारखा वाटतो. त्यामुळे एकाच कोनातून बघून पुढे जाऊ नका, दहा पावलं चालत चालत बघा. पाऊस पडून गेला असेल तर फारच छान.

दारापाशी आलात की हातमोजे काढा. थंडी असली तरी काढा, एक मिनिटाचं काम आहे. आल्टोच्या इमारतीत हँडल हा जिना किंवा छताइतकाच गंभीर विषय असतो. फिनलंडमधल्या पाइमिओच्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये, हे १९३३ चं, त्याने दाराच्या मुठी अशा वळवल्या की डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये. सायनात्सालोच्या टाउन हॉलला हँडलवर चामड्याची पट्टी गुंडाळलीय, कारण उत्तरेकडच्या हिवाळ्यात उघड्या धातूला कुणाला हात लावायचा असतो! आपण इमारतीला पहिल्यांदा शिवतो ते हँडलला, हे त्याने कधी विसरू दिलं नाही. तेव्हा इथे आत-बाहेर करताना प्रत्येक दाराला हात लावून बघा, मूठ हातात कशी बसते, ढकलायचं की ओढायचं हे न वाचता कळतं का, लाकूड कुठे घातलंय आणि धातू कुठे. हाच नियम जिन्याच्या कठड्यालाही, डोळे मिटून हात फिरवा, जिथे तळहात टेकतो तिथे काय आहे आणि जिथे टेकत नाही तिथे काय.

आत आल्यावर लगेच पुढे पळू नका. दाराच्या आत दोन मिनिटं उभे राहा आणि तीनच रंग मोजा: पांढरा, टाइलचा, लाकडाचा. जवळजवळ सगळं घर या तीन गोष्टींत आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हॉस्पिटलसारखं पांढरंफटक आहे, आणि खोटं कशाला बोला, काही कोपऱ्यांत मलाही तसंच वाटतं, विशेषतः जिथे नंतर लावलेले पोस्टर, स्टँड, पत्रकांचे रॅक गर्दी करतात. पण लाकूड कुठे येतं ते बघत चला. माणूस जिथे जिथे इमारतीला टेकतो, धरतो, बसतो, तिथे लाकूड. जिथे फक्त नजर जाते तिथे पांढरं. पाय आणि पाणी जिथे आहेत तिथे टाइल, म्हणजे बर्फाचे बूट घेऊन आत आलं तरी फरशीचं काही बिघडत नाही. हे एकदा लक्षात आलं की मग पांढरा रंग रिकामा वाटत नाही, तो उजेड उचलून आत नेण्याच्या कामाला लावलाय हे दिसतं, कारण बाहेर चारच तासांचा दिवस असताना आतली प्रत्येक भिंत दिव्यासारखी वापरावी लागते.

छताची उंचीही बघा. आल्टोची सवय अशी की माणूस आत येतो ती जागा बेताची ठेवायची, कोट काढायचा, चिखल झटकायचा, आवाज खाली आणायचा, आणि मग पुढे मोकळं करायचं. कुठे छत वर जातं, कुठे खाली येतं, आणि तिथे माणसं काय करत असतात याची सांगड घालत चालायचं. हे फोटोत कधीच येत नाही.

आता लायब्ररी. दोन तासांपैकी पाऊण तास इथे घालवा, बाकी काही राहिलं तरी चालेल. इमारतीच्या मध्यावर लायब्ररी आहे आणि लायब्ररीच्या मध्यावर जमीन खाली गेलेली आहे, म्हणजे एक खोलगट हौदच म्हणा ना, त्यात पायऱ्यांनी उतरायचं, चारी बाजूंना पुस्तकं, वर पुन्हा पुस्तकं आणि उजेड वरून. ही कल्पना आल्टोने इथे पहिल्यांदा नाही केली. विईपुरीची लायब्ररी, १९३५ ची, आता हे गाव रशियात आहे, तिथे त्याने पहिल्यांदा वाचनाची जागा खाली घातली, मग फिनलंडमध्येच सेइनायोकीला, रोवानिएमीला, आणि शेवटी अमेरिकेत ओरेगनमधल्या माउंट एंजल मठात १९७० ला. तीस-पस्तीस वर्षं माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घासत राहिला. रेक्याविकची त्या मालिकेतली लहान, पण लहान आहे म्हणूनच नीट समजते, एका नजरेत मावते.

बघायची पद्धत अशी. आधी वरच्या पातळीवर कडेने पूर्ण एक फेरी मारा, खाली बघत. काउंटरजवळ आलात की थांबा आणि तिथून किती दिसतं ते बघा. खोलगट जागेचं पहिलं कारण अगदी व्यवहारी आहे: एक माणूस एका जागी बसून वर-खाली सगळीकडे लक्ष ठेवू शकतो, भिंती घालाव्या लागत नाहीत. मग खाली उतरा, आणि उतरताना आवाजाकडे लक्ष द्या. वर दारांची उघडझाप, बूट, बोलणं चालू असतं, खाली पुस्तकांनी वेढलेलं असल्यामुळे ते बोथट होतं. पुस्तकं हा काही वाईट ध्वनिरोधक नाही. मग बसा. उभं राहून बघणाऱ्याला ही खोली अर्धीच कळते, कारण ती बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीने आखलीय. बसल्यावर वरची वर्दळ नजरेच्या वर जाते, लोक दिसतात पण अंगावर येत नाहीत, आणि तरी तुम्ही कोपऱ्यात एकटे नसता, खोलीच्या बरोब्बर मध्ये असता. सार्वजनिक ठिकाणी मधोमध बसूनही खासगी वाटावं हे फार कमी लोकांना जमलंय.

आता एक प्रयोग करा. कुठलंही पुस्तक काढा, चित्रांचं काढलंत तर बरं कारण बाकी स्वीडिश-डॅनिश-फिनिशमध्ये आहे, ते उघडून मांडीवर किंवा टेबलावर ठेवा आणि तळहात पानाच्या वर वीतभर धरा. सावलीची कड बघा. एका दिव्याखाली किंवा थेट उन्हात ती कड सुरीने कापल्यासारखी येते. इथे ती विरघळलेली असते, दिवस ढगाळ असेल तर जवळजवळ नसतेच. याच्यामागे मोठा विचार आहे. विईपुरीला आल्टोने छतात ५७ गोल झरोके ठेवले, प्रत्येकी १.८ मीटर व्यासाचे, आणि ते इतके खोल शंकूसारखे केले की उन्हाळ्यात सूर्य सगळ्यात वर असतानाही किरण सरळ खाली येत नाही, आधी शंकूच्या पांढऱ्या भिंतीवर आपटतो, पसरतो आणि मग पानावर येतो. सगळीकडून थोडा थोडा उजेड आला की वाचणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली पुस्तकावर पडत नाही. तेव्हा नॉर्डिक हाऊसमध्ये बसल्यावर वर बघून हा शोध घ्यायचा की उजेड कुठून येतोय, तो आधी कशावर आपटतोय, आणि तुमच्यापर्यंत येईपर्यंत त्याचे किती टप्पे झाले. बाहेरून जो निळा आकार डोंगराशी बोलत होता तो आतून काय काम करतो हेही इथे बसूनच कळतं, वर हवा आणि उजेड मिळवायला उंची लागते, ती उंची लपवायच्या ऐवजी त्याने ती शहराला दाखवायला वापरली.

तक्रार एकच, आणि ती फक्त या इमारतीची नाही, सगळ्या खोलगट खोल्यांची आहे. पायऱ्या. व्हीलचेअर, बाबागाडी, गुडघेदुखी यांचा विचार १९६० च्या दशकात फारसा कुणी करत नव्हतं आणि ते इथेही दिसतं. सोबत कुणाला चालायचा त्रास असेल तर वरच्या पातळीवरून बघायला सांगा आणि काउंटरवर विचारा, तिथली माणसं मदत करतात.

आता फर्निचर. जवळजवळ सगळं सामान, दिवे धरून, आल्टोच्या डिझाइनचं आहे, आणि ते आर्टेकचं. ही कंपनी १९३५ मध्ये अल्वार आणि त्याची पहिली बायको आइनो, माइरे गुलिक्सन आणि निल्स-गुस्ताव हाल अशा चौघांनी काढली. लोक खुर्चीचा फोटो काढतात समोरून, तुम्ही खाली वाका. आल्टोचा सगळा जीव पायाच्या वाकात आहे. आल्टोचं स्टूल किंवा टेबल दिसलं की उकिडवे बसा आणि जिथे पाय वळून बैठकीखाली जातो ती कड बघा. वळणापाशी बारीक समांतर रेषा दिसतील, आणि खालच्या सरळ भागात त्या नाहीत. झालंय काय, तर बर्च झाडाच्या लाकडाची भरीव काठी घेतली, एका टोकाकडून लाकडाच्या धाग्यांच्या दिशेनेच करवतीच्या बारीक चिरा पाडल्या, पत्त्यांच्या कॅटात जादा पत्ते खोचावेत तशा त्या चिरांत सरस लावलेल्या पातळ पट्ट्या घातल्या, आणि मग ते टोक वाकवलं. म्हणून वळण प्लायवूडसारखं आणि पाय मात्र भरीव. वाकलेलं टोक थेट बैठकीखाली स्क्रूने बसतं, खाचा-जोड-आडवे दांडे काहीच लागत नाही. १९३३ सालचं तीन पायांचं स्टूल याच पायावर उभं आहे, एकावर एक रचलं की पाय आपोआप गोल फिरत जातात. त्या काळात बाकी मॉडर्निस्ट मंडळी स्टीलच्या नळ्या वाकवत होती, आल्टोलाही त्यांची हौस होती सुरुवातीला, पण स्टील थंड लागतं, चकाकतं आणि आवाज करतं, म्हणून तो बर्चकडे वळला. हे खरं आहे का ते तपासायला स्टूल थोडं सरकवून बघा, आवाज ऐका.

जुनं कुठलं आणि नंतर बदललेलं कुठलं, हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे रंग. बर्च वर्षानुवर्षं उजेडात राहिला की मधासारखा पिवळा होत जातो, नवा फिकट असतो. दोन्ही शेजारी शेजारी दिसले तर फरक लगेच कळतो. उलटं करून लेबल शोधत बसू नका, चालती लायब्ररी आहे ती.

दिव्यांसाठी एकच परीक्षा. दिव्याखाली बसा, मग उठा, मग त्याच्याभोवती चाला, आणि प्रत्येक वेळी बघा की बल्ब डोळ्याला दिसतो का. आल्टोच्या दिव्यात सहसा दिसत नाही. कुठे पट्ट्यांच्या चकत्या एकाखाली एक लावलेल्या असतात, कुठे पत्र्याच्या शेडच्या खालच्या कडेला भोकं पाडून ती कड स्वतः उजळवलेली असते, हेतू एकच की उजेड मिळावा आणि डोळे दिपू नयेत. घरात दिवे निवडताना मला हीच परीक्षा सगळ्यात उपयोगी पडली, आणि यात एक पैसा खर्च नाही.

बाकीचं पटकन. एक सभागृह आहे, कार्यक्रम चालू नसेल तर डोकावायला मिळू शकतं, विचारून जा. खाली प्रदर्शनाचं दालन आहे, ते सतत बदलतं त्यामुळे कधी फार छान, कधी यथातथा. कॅफेत खिडकीपाशी जागा मिळाली तर घ्या, बाहेरची पाणथळ जागा आणि त्यापलीकडचं गाव तिथून बसल्या नजरेच्या पातळीवर येतं, खिडक्यांचा तळ किती खाली ठेवलाय ते तिथे बसूनच जाणवतं. पैसे आइसलँडिक क्रोनामध्ये, कार्ड सगळीकडे चालतं, रोख काढायची गरज नाही, आणि हो, कॉफीचे भाव आइसलँडचेच आहेत.

फोटो काढा, पण शेवटी काढा. फ्लॅश नको, वाचणाऱ्यांचे चेहरे नकोत, मुलं असतील तर अजिबात नको. त्याच्याआधी एक छोटं काम करा, वही-पेन घेऊन सेक्शन काढा. प्लॅन नाही, सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर कशी दिसेल ते. चित्रकला येत नसली तरी चालतं, तीनच रेषा आहेत. पहिली जमिनीची: बाहेर सपाट, आत सपाट, मध्येच पायऱ्यांनी खाली, पुन्हा वर. दुसरी छताची: बेताची, मग एकदम चढलेली, मग पुन्हा खाली. तिसरी तुमच्या नजरेची: उभे असताना कुठून जाते आणि खाली बसल्यावर कुठून. या तीन रेषा एका पानावर आल्या की आल्टोने जमीन आणि छत एकाच जागी विरुद्ध दिशांना का ओढलं ते समोर दिसतं, आणि हे शंभर फोटोंत मिळत नाही.

निघताना आल्या रस्त्याने जाऊ नका, दुसऱ्या बाजूने इमारतीला वळसा घाला. आता आतली लायब्ररी कुठे आहे ते माहीत झालंय, तेव्हा बाहेरून निळ्या आकाराकडे बघून बरोबर कुठल्या खुर्चीच्या वर तो आहे याचा अंदाज बांधा.

हीच पद्धत घेऊन आणखी बघायचं असेल तर दोन जागा सुचवतो. एक फेरो बेटांवर, तोर्शाव्नला, तिथेही नॉर्डिक हाऊस आहे, १९८३ चं, नॉर्वेचा ओला स्टेन आणि आइसलँडची कोलब्रुन राग्नार्सदोत्तिर यांनी केलेलं. तिथे छतावर गवत आहे, म्हणजे आल्टोने जे टाळलं तेच त्यांनी केलं, आणि काचा-पोलाद यांच्या जोडीने केलं म्हणून ते चालून गेलंय असं माझं मत. दुसरी स्टॉकहोमला, यार्देत भागात इटलीचं सांस्कृतिक इन्स्टिट्यूट, १९५८ चं, मिलानच्या जिओ पोन्तीने डिझाइन केलेलं, स्थानिक बाजू तुरे वेनरहोल्मने सांभाळली आणि सभागृहाच्या छतात इंजिनियर पिएर लुइजी नेर्व्ही, काँक्रीटचा तो जादूगार. पोन्ती आल्टोपेक्षा अगदी वेगळा माणूस, त्याला हलकेपणा हवा असायचा, त्याची १९५७ ची खुर्ची फक्त १.७ किलोची आहे, मूल एका बोटाने उचलेल. तिथे मी सांगितलेली सावलीची परीक्षा फारशी उपयोगाची नाही, तिथे कडा बघायच्या, भिंत छताला कुठे भेटते, खिडकी भिंतीला कुठे भेटते, आणि सामानाचे पाय खाली किती बारीक होत जातात. मात्र ते कामकाजाचं ऑफिस आहे, कुणीही केव्हाही आत शिरावं असं नाही, तेव्हा एखादा जाहीर कार्यक्रम, गाणं किंवा व्याख्यान असेल तो दिवस धरून जा, आणि सभागृहात जरा मागची खुर्ची घ्या, म्हणजे नेर्व्हीचं छत पूर्ण दिसतं.